साळवेसाहेबांचं तिसरं वाचन

साळवेसाहेब कधी 'बरं' म्हणायचे नाहीत. 'नोंद घेतली' म्हणायचे. दूधवाला म्हणाला उद्या येणार नाही, की नोंद घेतली. मुलीनं फोनवर सांगितलं गोळ्या वेळेवर घ्या, की नोंद घेतली. ते समोर राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात उभी राहून त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. त्यांच्या फोडणीच्या मिरच्यांनी आमच्या घरात सगळ्यांना ठसका लागत होता. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोंद घेतली. यातलं 'तुम्हाला काही रीतभात आहे की नाही' एवढं वाक्य मागे घेता का, ताई? बाकीचं सगळं राहू द्या." मी ते मागे घेतलं. आयुष्यात इतक्या सभ्यपणे मला कुणी गप्प केलं नव्हतं.

सावेडीतली आमची प्राजक्त अपार्टमेंट म्हणजे चार मजले, सोळा फ्लॅट आणि एक कुरकुरणारी लिफ्ट. मी पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेली बाई. कागद हातात आला की शिक्का मारून पुढे ढकलायचा, एवढंच मला ठाऊक. साळवेसाहेबांचं सगळं उलट. गंगाधर दामू साळवे, मूळचे सोनईजवळच्या एका वस्तीवरचे, वडील साखर कारखान्याच्या यार्डात मजूर. परीक्षा देऊन हा मुलगा दिल्लीला गेला तो संसदेच्या कचेरीत, विधेयकांच्या शाखेत, चौतीस वर्षं राहिला. टीव्हीवर खासदार भांडताना दिसतात. ते ज्या कागदावरून भांडतात तो कागद ओळ न् ओळ वाचून त्यातल्या चुका काढणं, दुरुस्त्या योग्य जागी बसवणं, हे साहेबांचं काम होतं. बायको गेल्यावर ते एकटे नगरला परत आले. मुलगी पुण्यात होती, पण तिच्याकडे जायचा विषय काढला की म्हणायचे, तो प्रस्ताव विचाराधीन आहे.

अंगात बारा महिने बिनबाह्यांचा करडा स्वेटर, कानाला लाल-निळी पेन्सिल. दाराबाहेर हिरवं पायपुसणं आणि आत लाल. मी विचारलं, तर म्हणाले, लोकसभेत गालिचा हिरवा, राज्यसभेत लाल. इतकी वर्षं एकातून दुसऱ्यात कागद नेले, आता निदान पाय तरी नेतो. दोन्ही सभागृहांमधला रस्ता चालायला काही मिनिटं लागतात, पण काही विधेयकांना तेवढा ओलांडायला वर्षं लागली, काही मधेच मेली, असं ते सांगायचे. मेली म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर सुतकी व्हायचा. आम्हाला हसू यायचं.

त्यांना विधेयकाबद्दल विचारायची सोय नव्हती, विचारलं की तासभर सुटका नाही. पण पावसाळ्यात लाइट गेली की आम्ही चार-सहा जण जिन्यात येऊन बसायचो, आणि तिथं त्यांनी थोडं थोडं करून आम्हाला अख्खा कायदा शिकवला. पहिलं वाचन म्हणजे नुसतं मांडणं. त्या दिवशी गुणदोष बोलायचे नाहीत, बाळ जन्मलं एवढंच सांगायचं. मग वाटलं तर समितीकडे पाठवायचं. समिती साक्षीदार बोलावते, ज्यांच्यावर कायदा पडणार त्यांना विचारते. दुसऱ्या वाचनात एकेक खंड घ्यायचा, एकेकावर हो की ना विचारायचं. तिसऱ्या वाचनात आता शब्द बदलायचा नाही, अख्खं विधेयक हवं की नको एवढंच सांगायचं. मग हेच सगळं दुसऱ्या सभागृहात. मग जाड, टिकाऊ कागदावर प्रत छापून राष्ट्रपतींकडे. त्यांची अनुमती आली की राजपत्रात. "इतकं करूनही चुका राहतात," ते म्हणायचे. "कधी गोंधळात पन्नास खंड दहा मिनिटांत मंजूर व्हायचे. तोही कायदाच असतो. पण मला त्याचं प्रूफ वाचताना तो आरडाओरडा ऐकू यायचा."

यातली एक गोष्ट मला फार आवडली होती. खंडवार मतं घेताना पहिला खंड, ज्यात कायद्याचं नाव असतं, तो सगळ्यात शेवटी घेतात. आधी आत काय आहे ते ठरू दे, मग नाव. साहेबांनी हे इतकं मनावर घेतलं होतं, की नात झाली तेव्हा त्यांनी मुलीला कळवलं, घाई करू नका, आधी मुलगी कशी आहे ते बघा. मुलीच्या सासरच्यांनी बाराव्या दिवशीच बारसं उरकलं. साहेबांनी नोंद घेतली.

आता आमची इमारत या माणसाच्या हाती कशी लागली ते सांगते. आमचे अध्यक्ष भापकर, चौथ्या मजल्यावरचे, शेतीच्या औजारांच्या दुकानाचे मालक. उमदा माणूस, पण हुकूम सोडायची सवय. पाण्याच्या वेळा ठरवायला म्हणून पार्किंगमध्ये मीटिंग भरायची आणि दोन खुर्च्या मोडून उठायची. एकदा साहेबांनी नम्रपणे सुचवलं, की मी लिहून घेतो. लिहून घेता घेता त्यांनी आम्हाला विचारलं, की आज नुसतं मांडू आणि पुढच्या मीटिंगला ठरवू का? तेवढ्यात राग निवतो, असं म्हणाले. आणि खरंच निवला. पुढच्या वर्षभरात आम्हाला कळायच्या आत प्राजक्तमध्ये तीन वाचनं सुरू झाली. दुसरं सभागृह नव्हतं, तर साहेबांनी ठरवलं की मंजुरीआधी एक महिना थांबायचं, तेच आपलं दुसरं सभागृह. भापकरांनी एकदा व्हॉट्सअॅपवर मत घ्यायचा प्रयत्न केला. सोळा घरांतून अठ्ठावीस अंगठे आले. साहेबांनी ते रद्दबातल ठरवले.

राष्ट्रपतीही होत्या. भापकरांच्या आई, आक्का, वय नव्वदीला टेकलेलं, इमारतीतल्या सर्वांत वयस्क. कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. खाली काय ठरतं ते मला कुणी सांगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून साहेब प्रत्येक नियमाची सुंदर अक्षरातली प्रत घेऊन चौथ्या मजल्यावर जायचे, वाचून दाखवायचे आणि आक्का जुन्या चौथीतल्या वळणदार अक्षरात सही करायच्या. मग तो कागद लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यावर लागायचा. लागेपर्यंत नियम लागू नाही. याचं सगळ्यांना कौतुक होतं. पाहुण्यांना आम्ही फळा दाखवायचो.

साहेब स्वतः मात्र कधी मत द्यायचे नाहीत. फ्लॅट त्यांचा होता, हक्क होता, पण हात वर करायचे नाहीत. मी टेबलापाशी बसून लिहून घेणारा माणूस, म्हणायचे; टेबलाला मत नसतं. त्यामुळे आमच्याकडे मतं पंधरा.

लिफ्टचा विषय दिवाळीच्या तोंडावर निघाला. लिफ्ट दुरुस्त होऊन आली होती, आत नवा आरसा बसवला होता, आणि आठवड्यात कुणाच्या तरी बादलीतलं पाणी सांडून फरशी खराब झाली. भापकरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, की यापुढे कामाच्या बायकांनी जिन्यानं यायचं. बऱ्याच माना डोलल्या. साहेब पेन्सिल कानावरून काढत म्हणाले, आज मांडणी झाली, पुढच्या मीटिंगला मसुदा आणावा.

कामाच्या बायका तशा चार-पाच होत्या, पण चौथ्या मजल्यापर्यंत जाणारी एकच, कौसाबाई. पाथर्डीकडची, पंचावन्नच्या आसपासची. नवरा-बायको वर्षानुवर्षं ऊसतोडीला जात होते. गुडघा गेला तसं तिनं ते सोडलं आणि नगरमध्ये धुणंभांडी धरली. आमच्याकडे तिची सहा घरं होती, माझंही त्यातच. भापकरांकडे भांडी होतीच, शिवाय दोन वेळा आक्कांना उचलून बसवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. त्या कामाचे पैसे तिच्या घराचा मुख्य आधार होते. जिन्यानं दिवसातून दोनदा चार मजले चढणं तिला जमणार नाही, हे उघड होतं. म्हणजे तिचं ते काम जाणार होतं.

भापकर मसुदा घेऊन आले. कुणाला वाईट दिसू नये म्हणून त्यांनी फार चतुराईनं लिहिलं होतं: इमारतीत न राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने लिफ्ट वापरू नये. कामाच्या बायकांचा शब्दही नाही. साहेबांनी तो खंड मोठ्यानं वाचला आणि शांतपणे विचारलं, की भापकरसाहेब, दिवाळीला आपले व्याही येणार आहेत, ते जिन्यानं येतील ना? पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, माझ्या मिस्टरांना बघायला येणाऱ्या नर्सचं काय? कुणीतरी गॅस सिलिंडरवाल्याची आठवण काढली. हशा पिकला. भापकर चिडून म्हणाले, की कुणासाठी आहे ते सगळ्यांना कळतंय ना. साहेब म्हणाले, कळतं तर लिहू या. ज्याच्यासाठी कायदा आहे, त्याचं नाव कायद्यात पाहिजे.

मग सुरू झाली कसरत. 'कामवाल्या' लिहायला कुणी तयार होईना. 'मदतनीस' सुचवलं गेलं. साहेब म्हणाले, चालेल, पण मदतनीस म्हणजे कोण याची व्याख्या द्यावी लागेल. व्याख्या आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितली आणि त्यांनी लिहून परत वाचली: मदतनीस म्हणजे अशी स्त्री, जी दुसऱ्याच्या घरातील भांडी घासते, कपडे धुते, फरशी पुसते अथवा आजारी व वृद्ध माणसांची सेवा करते, आणि जी त्या घरात राहत नाही. वाचून झाल्यावर डॉक्टर बाई म्हणाल्या, हे समितीकडे पाठवा. समितीत त्या, भापकर आणि मी.

त्या संध्याकाळी मी साहेबांवर उखडले. म्हटलं, तुम्हाला हा नियम पटतो का? नाही ना? मग त्याला इस्त्री करून का देताय? नुसतं नाही म्हणून उठून जायचं. ते चहा गाळत होते. गाळून झाल्यावर बोलले.

"आमच्या वस्तीतल्या माणसानं गिरणीवर कुठल्या वाटेनं जायचं, याचा नियम होता, ताई. कुठं लिहिलेला नव्हता. माझ्या वडिलांना मी विचारलं, हा कुणी केला? त्यांना सांगता आलं नाही. मग बदलायला कुणाकडं जायचं? छप्पनला दीक्षा घेतली, धर्म बदलला, तरी वाट तीच होती. लिहिलेला नियम बरा असतो. त्याला धरता येतं."

एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी माझ्याकडे कधी काढला नाही.

समितीपुढे साक्षीला कौसाबाईला बोलावलं. ती पदर खोचून उभीच राहिली. साहेबांनी खुर्ची पुढे केली आणि सांगितलं, साक्षीदार बसून बोलतो, अशी रीत आहे. ती अगदी कडेला बसली. त्यांनी पूर्ण नाव विचारलं, नवऱ्याचं, गावाचं, सगळं लिहिलं. एरवी आमच्याशी छापील मराठी बोलणारे साहेब तिच्याशी बोलताना आपल्या गावाकडच्या, नेवाशाच्या बोलीवर आले. म्हणाले, भिऊ नका, जे हाय ते सांगा, मी जसंच्या तसं लिवतो.

कौसाबाई म्हणाली, "मी काय सांगू? उसाची मोळी डोक्यावर घिऊन ट्रकच्या फळीवरनं चढायचे मी, लई वर्सं. गुडघा तितंच गेला. जिना चढनार न्हाई असं म्या म्हनत न्हाई. चढंन. पर वर गेल्याव धा मिन्टं हात थरथरत्यात. आन वर गेल्याव पयलं काम हाय ते आक्कांना उचलायचं. तेवढं बघा."

साहेबांनी ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, असंच म्हणालात? ती म्हणाली, व्हय. भापकर फाइलमध्ये बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, हे मी पाहिलं.

आता माझी गोष्ट. समितीच्या अहवालात डॉक्टर बाईंनी विरोध लिहिला, भापकरांनी पाठिंबा, आणि मी लिहिलं, 'या प्रश्नाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. याचा अर्थ हो की नाही, असं विचारलं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ते म्हणाले, नोंद घेतली. त्या दिवशी मला तो शब्द पहिल्यांदा टोचला.

खरं कारण असं, की माझ्या यजमानांच्या आजारपणात भापकरांनी शब्दही न विचारता गाडी काढली होती, महिनाभर डबा पोचवला होता. अशा माणसाच्या समोर हात वर करून विरोधात बसायचं मला जमेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. महिना थांबलो, तिसरं वाचन आलं. साहेबांनी विचारलं, जे बाजूचे आहेत त्यांनी हात वर करावेत. माझा हात वर गेला. ते पेन्सिलीनं एकेकाला मोजत माझ्यापर्यंत आले, मोजून पुढे गेले. चेहऱ्यावर काही नाही. आठ विरुद्ध सात. नियम मंजूर.

दुसऱ्या दिवशी साहेब सुवाच्य प्रत घेऊन आक्कांकडे निघाले. मला म्हणाले, साक्षीला चला. मी लाजत गेले. भापकर दुकानात होते. आक्कांना उशीला टेकून बसवलेलं होतं. बसवणारी कौसाबाई आत मोरीत भांडी घासत होती. साहेबांनी पूर्ण वाचलं, व्याख्येसकट. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"म्हंजी ही कौसा."

"नावानं नाही, आक्का. पण होय."

"मी सही न्हाई केली तर?"

साहेब खुर्चीत ताठ झाले. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही सभासदाला काय करावं ते सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगणार नव्हते, हे दिसत होतं. त्यांनी राज्यघटनेत जसं आहे तसं सांगितलं. राष्ट्रपती अनुमती देऊ शकतात. किंवा एकदा, फेरविचार करा म्हणून परत पाठवू शकतात. पण सभागृहानं पुन्हा मंजूर केलं, तर मग सही करावीच लागते.

"परत धाडलं तर हे पुन्ना हात वर करतील. माझ्या लेकाला मी वळखते." आक्कांनी डोळे उघडले. "आन नुसतंच ठिवून दिलं तर?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"मुदत," ते म्हणाले, "कुठं लिहिलेली नाही."

आक्कांनी कागदाची घडी घातली आणि गादीखाली सरकवली.

त्यानंतर चौदा महिने प्रत्येक मीटिंगला कुणीतरी लिफ्टच्या नियमाचं विचारायचं आणि साहेब वहीत बघून सांगायचे, अनुमतीसाठी प्रलंबित. भापकरांनी आईला दोनदा टोकलं. एकदा आक्कांना चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, आज तू मला उचलून बसीव, मग बगू. कुणीतरी सुचवलं, की सहीचं नाटक सोडा, सरळ पाटी लावा. तेव्हा भापकरच त्याच्या अंगावर गेले. म्हणाले, आईची सही झाल्याशिवाय फळ्यावर कागद लागणार नाही. हेही त्यांचंच. माणूस एका रंगाचा नसतो. कौसाबाई लिफ्टनं येत-जात राहिली आणि बादली खाली ठेवून जाऊ लागली.

आक्का थंडीत गेल्या, झोपेतच. तेरावं झाल्यावर भापकरांच्या घरून गादी बाहेर काढायचं ठरलं. मी साहेबांकडे वर्तमानपत्र परत द्यायला गेले होते, तेवढ्यात कौसाबाई आली. हातात तोच घडी घातलेला कागद. आता इमारतीत सगळ्यांत वयस्क साहेबच होते, म्हणजे सही त्यांनी करायची. ते कागद बघत राहिले. कौसाबाईनं विचारलं, ह्याच्यात काय लिवलंय? त्यांनी तिला सगळं वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. नियम मंजूर झाला होता, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि ती रोज माझ्या घरी येत होती.

"रोज गादी उचलून हातरून बदलायचे मी," ती म्हणाली. "हा कागद खाली पडायचा. आक्का म्हनायच्या, हाय तितं परत ठिव. म्या ठिवायचे."

साहेबांनी तिला मग पुढचंही सांगितलं. ते कागद परत पाठवू शकतात. पण लोकांनी पुन्हा हात वर केले, तर ते स्वतः सही करतील. त्यांना करावी लागेल. कौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं बाबा. मला वाटतं, साहेबांवर चिडायला तिला पूर्ण हक्क होता. ती चिडली नाही, आणि साहेबांना ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं. आठ दिवस त्यांच्या घरातून मिरच्यांचा वास आला नाही. समोरच्या घरात चूल पेटते की नाही, हे बाईमाणसाला कळतं. मी दोनदा पिठलं-भाकरी नेऊन दिली. मी विचारलं, ठेवून द्या ना तुम्हीही, आक्कांसारखं. ते म्हणाले, आक्कांना ते शोभलं. मला नियम माहीत आहे, मी तो लपायला वापरला तर मग माझ्या वडिलांना काय सांगू? वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

नवव्या दिवशी कागद परत आला. वर निळ्या पेन्सिलीनं दोन ओळी: फेरविचारासाठी परत. मत घेण्यापूर्वी साक्ष पुन्हा वाचावी.

मीटिंगला पंधराही जण हजर होते. भापकरांच्या डोक्यावर नुकते बारीक केस उगवले होते. साहेबांनी साक्ष वाचली. कौसाबाई एकनाथ ढाकणे, वय अंदाजे पंचावन्न, राहणार अमुक. त्यांनी ती तिच्याच बोलीत लिहून घेतली होती आणि तशीच वाचली, 'धा मिन्टं' आणि 'थरथरत्यात' सगळं. आक्कांना उचलायचं, या शब्दांपाशी ते थांबले नाहीत. थांबले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आम्हाला कुणाला तरी खोकायला जागा मिळाली असती. मग त्यांनी विचारलं, जे बाजूचे आहेत.

तीन हात वर गेले. भापकर आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसले होते. माझे हात मी पदराखाली घट्ट धरले होते. विरोधी, असं साहेबांनी विचारल्यावर मी हात वर केला, इतका उंच की शेजारचीला लागला. बारा. साहेबांनी त्याच आवाजात सांगितलं, प्रस्ताव नामंजूर, आणि वही मिटली. वर जाताना भापकर कामाला आलेल्या कौसाबाईसाठी लिफ्टचं दार धरून उभे राहिले. तिला ते कळलंच नाही, ती जिन्याच्या कठड्याशी चप्पल शोधत होती.

पंधरा दिवसांनी साहेब पुण्याला मुलीकडे तपासणीसाठी गेले आणि तिथून परत आलेच नाहीत. हृदयाचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण जाण्याच्या आदल्या सकाळी ते प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन प्रत्येक दारावर सह्या घ्यायला हिंडत होते. माझ्या दारात आले तेव्हा स्वेटर सैल झालेला, गळ्याची हाडं दिसत होती. रजिस्टरात दोन पानं समोरासमोर होती. डाव्या पानावर तिसऱ्या वाचनाची मतं, नावानिशी. माझ्या नावापुढे: बाजूने. उजव्या पानावर फेरविचाराची. माझ्या नावापुढे: विरोधी.

मला ते डावं पान बघवेना. मी म्हटलं, साहेब, तुम्ही पहिल्या दिवशी मला माझं वाक्य मागे घेऊ दिलं होतं. हेही काढता येईल ना? इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मिरच्या सोडून.

त्यांनी विचार केला. खरोखर केला, मनात पानं उलटून बघावीत तसा.

"बोललेले शब्द काढता येतात, ताई. अध्यक्षांना तो अधिकार आहे. दिलेलं मत काढता येत नाही." मग त्यांनी उजव्या पानावर बोट ठेवलं. "त्याच्यानंतर दुसरं देता येतं. ते तुम्ही दिलंय."

मी दोन्ही पानांवर सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच धरलं, मग बगलेत मारलं आणि पुढच्या दाराची बेल वाजवायला गेले.